खोकलामुक्त जंगल

गोष्टीत जंगल असतं आणि जंगलात वाघ असतो, एवढं तर लहान पोरांनाही माहीत असतं. या गोष्टीतला वाघ राजा होता. मोठ्यांसाठी सांगायचं तर तो निवडून आलेला राजा होता, आणि दर वेळी बिनविरोध निवडून येत होता. विरोधात उभं राहायला कोणाला मनाई नव्हती. फक्त उमेदवाराने आपला अर्ज महाराजांच्या गुहेत, महाराजांच्या हाती, एकट्याने नेऊन द्यायचा असे.

त्या जंगलात चितळांचा एक मोठा कळप होता. कळपाची रीतसर संस्था होती, चितळ चराई सहकारी संस्था, आणि टिकली नावाची मादी तिची अध्यक्ष होती. सभासदांना चांगलं गवत दाखवायचं, पाणवठ्यावर न्यायचं आणि गेले तेवढे परत आणायचे, हे संस्थेचं काम.

यातलं शेवटचं काम खरं तर एक बिनसभासद करत असे. ऐनाच्या उंच झाडावर हुप्प्या आबा म्हणून एक काळतोंडं म्हातारं वानर बसायचं. त्याला वरून लांबचं दिसे. गवतात पट्टे हलले की आबा खोकल्यासारखा आवाज काढी, खॅक्, खॅक्, आणि तो कानावर पडताच खालचा कळप पसार होई. हे कधीपासून चालत आलं होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. ते इतकं बिनबोभाट चाले की ही एक यंत्रणा आहे, असं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

महाराजांच्या मात्र आलं. ते रोज निघत, रोज वरून खॅक् होई, आणि रोज ते रिकाम्या पोटी परत येत. पोट पाठीला लागलं. पण आपल्याला भूक लागली आहे असं राजाने म्हणायचं नसतं, म्हणून ते दरबारात म्हणाले, "आपल्या जंगलातलं तंत्रज्ञान फार मागासलेलं आहे."

संपर्क खातं धनेशरावांकडे होतं. धनेशराव म्हणजे धनेश पक्षी. चोच भली मोठी, त्या चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखा उंचवटा, आणि या दोन्हींतून येणारा आवाज भरपूर. त्यांनी पाणवठ्यावर सगळ्यांना बोलावून भाषण केलं.

"बंधू-भगिनींनो, जग कुठल्या कुठं पोचलं आणि आपण अजून एका म्हाताऱ्या माकडाच्या खोकल्यावर जगतो आहोत. त्या खोकल्याला ना प्रमाण, ना परवाना, ना जबाबदारी. महाराज आपल्या काळजीने रात्र-रात्र जागतात. यापुढे प्रत्येक संस्थेला अधिकृत साळुंकी मिळेल. ती स्पष्ट बोलेल, शुद्ध बोलेल, आणि दरबाराच्या परवानगीने बोलेल."

टाळ्या झाल्या. महाराज रात्रभर जागतात, हे तर सगळ्यांना अनुभवाने माहीत होतं.

साळुंकी संस्थेत रुजू झाली. पद्धत अशी ठरली की तिला वाघ दिसला तर तिने आधी दरबारात जाऊन तो वाघच असल्याची खात्री करून घ्यायची. खात्री महाराजांनी द्यायची, कारण या विषयातले सर्वांत जाणकार तेच. महाराज दरबारात नसतील तर ते येईपर्यंत थांबायचं. मग परत येऊन म्हणायचं, "आदरणीय महाराजांचं आपल्या परिसरात आगमन होण्याची शक्यता आहे, सभासदांनी कृपया नोंद घ्यावी." हे वाक्य संपल्याशिवाय कोणी पळायचं नाही. अर्धा संदेश ऐकून पळणं म्हणजे अफवा पसरवणं, असं धोरणातच म्हटलं होतं. आबाचा खॅक् बेकायदा ठरला. आणि जी संस्था धोरण पाळणार नाही, तिचा पाणवठा बंद.

चंद्री अगदी सुरुवातीलाच गेली. चंद्री म्हणजे टिकलीची धाकटी बहीण. साळुंकी दरबारात महाराजांची वाट बघत बसली होती आणि महाराज इकडे कामात होते. चंद्रीच्या मागे तिचं पाडस राहिलं, ठुमकी नावाचं, अजून चारही पाय एका वेळी न ऐकणारं. टिकलीने तिला पोटाशी घेतलं आणि ती फार रडली. धनेशरावांच्या खात्याने शोकसंदेश पाठवला, त्यात म्हटलं होतं की संक्रमणकाळात थोडी गळती गृहीत धरलेली असते. तो ऐकून टिकलीचं रडणं थांबलं आणि तिला राग आला. ही पोर जगवायची, एवढंच तिने ठरवलं. संस्था, धोरण, दरबार, हे सगळं त्यानंतर.

पण अध्यक्षपद होतं, आणि संस्था म्हटली की धोरण आलंच. बैठकीत ठराव झाला की आपल्याकडेही धोरण समजणारा कोणीतरी असावा. शिंगाडे नावाचा एक नर पुढे आला. त्याची शिंगं सुबक होती आणि तो दरबारी भाषा बोलताना अडखळत नसे. त्याला धोरण अधिकारी नेमलं, बसायला पळसाखाली सावली दिली, आणि तो सभासदांना प्रशिक्षण देऊ लागला. कान टवकारायला हरकत नाही, पाय उचलायचे नाहीत. शेपटी वर करायची तर सर्वांनी एकदम करायची.

"अन् वाघ समोरच दिसला तं?" एका तरुण चितळाने विचारलं.

"दिसला तरी ती तुमची वैयक्तिक माहिती झाली," शिंगाडे म्हणाला. "तिच्यावर संस्थेला कार्यवाही करता येत नाही."

पाय न उचलण्याची सवय सभासदांना लागते न लागते तोच धोरण बदललं. साळुंकी बोलते म्हणजे ती ऐकतही असणार, आणि ऐकते म्हणजे शेजारच्या जंगलाची हेर असणार, असं दरबाराच्या लक्षात आलं. साळुंक्या रातोरात बाद झाल्या. आता काजवे. प्रत्येक नराने शिंगाच्या टोकाला एक अधिकृत काजवा बसवायचा, धोका असला की तो लुकलुकणार.

"दिवसा काजवा दिसत नाही, साहेब," टिकली म्हणाली.

"दिवसाच्या धोक्याबद्दल आमच्याकडे एकही तक्रार आलेली नाही," धनेशराव म्हणाले.

हे खरं होतं. तक्रार ज्यांनी करायची ते उरले नव्हते.

त्यातच चितळांची शिंगं गळण्याचा हंगाम आला. ज्याचं शिंग गळेल तो आपोआप धोरणभंग करणारा ठरू लागला. शिंगाडेचंही एक शिंग काजव्यासकट गळून पडलं. अधिकाऱ्यानेच धोरण मोडलं तर कसं दिसेल, म्हणून तो ते शिंग तोंडात धरून हिंडू लागला. त्यामुळे त्याचं बोलणं कोणाला कळेना. आधी तरी कुठं कळत होतं, असं कळप आपसात म्हणाला.

मग गोपनीयतेचं धोरण आलं. हे मात्र सगळ्यांना आवडलं, कारण त्यात प्रत्येक जनावराच्या खाजगी आयुष्याचा मान राखला होता. कोण कुठं जातो, कशासाठी जातो, सरळ जातो की दबकत जातो, हे त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येणार नव्हतं. शिंगाडे बिचारा संमती मागायला महाराजांपर्यंत गेलाही. महाराज नुकतेच जेवलेले होते, म्हणून तो परत आला. संमती विचाराधीन आहे, असं त्याने कळपाला सांगितलं.

त्या दुपारी टिकली ऐनाच्या झाडाखाली आली. सोबत ठुमकी होती, आता चार पायांवर उड्या मारण्याइतकी मोठी झालेली. आबा वर हात चाळवत बसला होता. खोकायची बंदी झाल्यापासून त्याला करमत नव्हतं.

"आबा, तुमाले खोकला झाला," टिकली म्हणाली.

"मले? मी तं ठणठणीत हावो."

"झाला म्हनते ना मी. जुनाट हाय. पट्टे दिसले का उबळ येते."

आबाने डोकं खाजवलं. त्याला समजायला थोडा वेळ लागला, पण समजल्यावर त्याची शेपटी हळूहळू सरळ झाली.

"अन् कोनं इचारलं तं काय सांगू?"

"म्हातारा जीव हाय म्हनाव, बिमार हाय. धोरनात सूचनेले बंदी हाय, बिमारीले थोडीच हाय."

संस्थेने लगेच ठराव केला की एका ज्येष्ठ व आजारी वानरास भूतदयेच्या दृष्टीने ऐनाच्या झाडावर विश्रांती घेऊ द्यावी. ठरावाची भाषा शिंगाडेने घातली आणि ती त्याला स्वतःलाही फार आवडली. सभासदांना तोंडी सांगण्यात आलं की आजाऱ्याला त्रास नको, म्हणून त्याला उबळ आली की सर्वांनी तिथून दूर जावं. शक्य तितक्या वेगाने जावं.

सगळं सुरळीत झालं. तपासणीला कोणी आलं की शिंगावर काजवा, आणि ज्याला शिंग नाही त्याच्या तोंडात शिंग, आणि संमतीचा विनंतीअर्ज दरबारी पोचलेला. माथ्यावर अधूनमधून एक म्हातारं माकड खोकत असे, त्याला कोण काय करणार. गेले तेवढे परत येऊ लागले. ठुमकी वाढत होती. टिकलीच्या जिवाला जरा स्वस्थता वाटली.

यावर दरबाराने काय करावं? या संस्थेत गळती थांबली, त्याअर्थी काजवा धोरण यशस्वी झालं, असा अहवाल धनेशरावांनी दिला आणि चितळ संस्थेला उत्कृष्ट अंमलबजावणीचा पुरस्कार जाहीर केला. पुरस्कार महाराजांच्या हस्ते होता. तो घ्यायला कोणी जवळ जाईना, म्हणून लांबून टाळ्या वाजवल्या.

महाराज मात्र परत एकदा वाळू लागले होते. काजवे यशस्वी, गोपनीयता यशस्वी, आणि जेवण नाही. त्यांनी चौकशी करवली. तेव्हा कळलं की जंगलात खोकल्याची साथ आहे, आणि ती फक्त वानरांत आहे, आणि ती फक्त महाराजांच्या वाटेवर आहे.

महिना उलटायच्या आत खोकलामुक्त जंगल अभियान सुरू झालं. वारुळावारुळावर घोषणा लागल्या. माझा घसा, माझी जबाबदारी. निरोगी वानर, समर्थ जंगल. धनेशराव म्हणाले, "ज्येष्ठांना खोकत ठेवणारं जंगल स्वतःला सुसंस्कृत म्हणवू शकत नाही." हे ऐकून पुष्कळांचे डोळे पाणावले. अस्वलांकडे औषधवाटपाचं कंत्राट होतं. औषध म्हणजे अडुळशाच्या पाल्यात कालवलेला मध, आणि अस्वलांनी आपला वाटा काढून घेतल्यावरही तो बराच उरे.

आबाने पहिल्यांदा औषध थुंकून टाकलं. दुसऱ्यांदा त्याने चव घेतली. तिसऱ्यांदा तो स्वतःच रांगेत उभा होता, आणि याबद्दल त्याला फार बोल लावू नये. जन्मभर कोवळी पानं खाल्लेल्या जिवाला मध मिळत होता, तोही सरकारी. त्याचा घसा इतका बुळबुळीत झाला की आवाज धरायला जागाच राहिली नाही. एक दिवस पट्टे दिसले, आबाने तोंड उघडलं, आणि वाऱ्यासारखं काहीतरी बाहेर आलं. त्या दिवशी दोन सभासद आले नाहीत.

"टिकले, माही चूक झाली," आबा कसाबसा कुजबुजला. "गोडासाठी इकलं म्या तुमाले."

टिकली त्याच्यावर रागावली होती, पण त्याचा चेहरा बघून तिचा राग टिकला नाही. आणि तेव्हा तिच्या ध्यानात एक गोष्ट आली.

वानर झाडावर खातं तेव्हा अर्धं खातं आणि अर्धं टाकतं, हे जंगलात सगळ्यांना माहीत असतं. ऐनाची पानं, बेहड्याची फळं, कोवळे शेंडे, असं काहीबाही खाली पडत राहतं आणि चितळं ते खात उभी असतात. आबा बोलत होता तोवर वरचं पाडणं थांबलं होतं.

"आबा, वाघ दिसला का तुमचं खानं काय होते?"

"थांबते. भेव वाटल्यावर कोनाच्या घशाखाली उतरते का, बाई?"

"मंग झालं," टिकली म्हणाली. "पाला पडाचा थांबला का आमी पळू."

याला आवाज नव्हता, उजेड नव्हता, कोणाची माहिती कोणाला दिली जात नव्हती. म्हातारं माकड जेवता जेवता थांबलं, एवढंच. कोणतंही धोरण काढून बघा, थांबण्याला मनाई असलेली आढळणार नाही. कळप पाठ वाकवून पाला खाई, एक कान वरच्या सळसळीकडे ठेवी, आणि सळसळ थांबली की नाहीसा होई. ठुमकी तर सगळ्यांच्या आधी पळे. गेले तेवढे परत येऊ लागले आणि महाराज रिकाम्या मैदानात उभे राहून आभाळाकडे बघू लागले.

हे असंच चाललं असतं. पण संस्थेला पुरस्कार मिळाला होता, आणि पुरस्कार मिळालेल्या संस्थेला कार्यशाळेला बोलावतात.

कार्यशाळा धनेशरावांच्या खात्याची होती. विषय होता, बदलत्या धोरणांशी संस्थांनी कसं जुळवून घ्यावं. सगळ्या संस्थांचे प्रतिनिधी आले होते. रानडुकरांनी आपली चिखल-आधारित प्रणाली सांगितली, सांबरांनी त्यांच्या अडचणी सांगितल्या. मग शिंगाडे उभा राहिला. त्याला नवीन शिंगं फुटली होती, त्यामुळे तोंड मोकळं होतं. त्याने संस्थेचा सगळा प्रवास मांडला. साळुंकी कशी स्वीकारली, काजवा कसा बसवला, आणि शेवटी अभिमानाने मान उंच करून म्हणाला, "सध्या आम्ही पाला-विराम पद्धत वापरतो. ती पूर्णपणे धोरणात बसते. इतर संस्थांनीही ती अवश्य अनुसरावी." मग त्याने ती तपशिलात समजावून सांगितली. शंकांना उत्तरं दिली. धनेशरावांनी स्वतः दोन शंका विचारल्या.

सर्वांत जोरात टाळ्या त्यालाच पडल्या. तो परत आला तेव्हा त्याच्या गळ्यात पळसफुलांची माळ होती.

"काय सांगितलं तुमी तिथं?" टिकलीने विचारलं.

"सगळं," शिंगाडे म्हणाला. "पारदर्शकता हवी, अध्यक्षबाई. आपलं नाव झालं."

तो बेइमान नव्हता, हेच टिकलीला सोसवेना. त्याने संस्था विकली नव्हती. तिचं फक्त सादरीकरण केलं होतं.

पुढच्याच दरबारात अखंड पाला योजना जाहीर झाली. माकडांच्या मर्जीवर चितळांचं पोट का असावं, असा प्रश्न धनेशरावांनी विचारला आणि उत्तरही दिलं. यापुढे प्रत्येक झाडावर वानरांची पाळी लागेल. पाला दिवसभर पडेल, न थांबता पडेल, कोणासाठीही थांबणार नाही. थांबणारे हात टिपायला जुन्या साळुंक्यांना पुन्हा कामावर घेण्यात आलं. प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर महाराजांच्या पंजाचा ठसा ओरबाडलेला होता, म्हणजे पाला कोणी दिला याबद्दल कोणाच्या मनात संभ्रम राहू नये.

कळपाला फार आनंद झाला. पाला खरोखरच पडत होता. पूर्वी आबा अर्धं खाऊन टाकी, आता सबंध फांद्या येत. चितळं गोल होऊ लागली. पळायची गरज आहे की नाही हे कळायचा मार्ग उरला नव्हता, पण इतकं खाल्ल्यावर पळायची इच्छाही उरत नव्हती. संध्याकाळी कोणी कमी भरलं तर, तो दुसऱ्या झाडाखाली चांगल्या पाल्याला गेला असेल, असं म्हणायची पद्धत पडली.

टिकली खायची नाही. सगळ्यांच्या माना खाली, आणि हिची एकटीची वर. पोटात भूक, कानात अखंड सळसळ, आणि शेजारी ठुमकी.

"माय, खाऊ दे न," ठुमकी म्हणाली. चंद्री तिला आठवत नव्हती, ती टिकलीलाच माय म्हणे. "सारे खाऊन राह्यले."

"तू खाय. मी पाह्यते म्हनून खाय."

टिकलीने वर बघितलं. आबा दोन्ही हातांनी पानं ओरबाडून टाकत होता, साळुंकी त्याच्या मनगटाकडे बघत होती, आणि आबाचे डोळे मात्र गवताच्या कडेला खिळले होते. हात थांबत नव्हते. डोळ्यांत भीती मावत नव्हती. टिकलीने त्या नजरेच्या वाटेने बघितलं आणि तिला गवतात पट्टे दिसले, ठुमकीपासून एका झेपेवर.

परवानगी, प्रमाण, संमती, काही तिला आठवलं नाही. तिने मान ताठ केली आणि आपल्या स्वतःच्या घशातून, आई-आजीच्या घशातून येत असे तसा, क्यांव करून आवाज काढला. ठुमकी उडाली. तिच्यामागे सगळा कळप उडाला, जड पोटं सांभाळत, एकमेकांना धडकत. महाराजांनी झेप घेतली ती पाल्याच्या ढिगात, आणि उठले तेव्हा त्यांच्या मिशांत ऐनाची पानं अडकली होती.

त्या दिवशी कोणी गेलं नाही. पण न घडलेल्या गोष्टीची चर्चा होत नसते. घडलेली गोष्ट अशी होती की पाला तुडवला गेला. ताजा, कोवळा, सरकारी पाला.

संस्थेची तातडीची सभा भरली. धनेशराव निरीक्षक म्हणून हजर होते.

"महाराज लाभार्थ्यांची विचारपूस करायला आले होते," ते दुःखाने म्हणाले. "पायी आले होते."

"ते खायले आलते," टिकली म्हणाली.

"बरोबर. तुमच्या पंगतीला बसून खायला. पाला त्यांच्या मिशांना लागलेला आम्ही सर्वांनी पाहिला आहे."

"ठुमकी तिथंच उभी होती. एक घडी गेली असती तं..."

"पन गेली का?" मागून कोणीतरी विचारलं. "गेली नाही न? मंग?"

"पाला गेला," दुसरा म्हणाला. "दोन दिसाचा पाला गेला आमचा."

आबाकडे सगळ्यांनी बघितलं. त्याने तोंड उघडलं, हात हलवले, पण त्याच्या घशातून शब्द आला नाही. त्याचं मौन हीच त्याची संमती, अशी शिंगाडेने नोंद घेतली.

टिकलीला अध्यक्षपदावरून काढण्याचा ठराव एकमताने झाला. तिच्या जागी शिंगाडे आला. खाताना मान वर करणं हा पाल्याचा अपमान समजला जाईल, असं त्याने पहिल्याच बैठकीत संस्थेच्या नियमांत घातलं आणि इतर संस्थांनीही ते अनुसरलं.

टिकली ठुमकीला घेऊन जंगलाच्या कडेला राहायला गेली. तिथं योजना पोचलेली नाही. गवत वाळलेलं आहे, पोट अर्धं भरतं, आणि एक खाते तेव्हा दुसरी बघते. दोघीही अजून आहेत.

इकडे कळपही आहे. तो मोठा असल्यामुळे कमी झालेला चटकन दिसत नाही. पुढच्या निवडणुकीत महाराज नेहमीप्रमाणे बिनविरोध आले, फक्त या वेळी लोकांनी ते मनापासून केलं. आता त्या जंगलात एखाद्याने खाता खाता मान वर करून इकडेतिकडे बघितलं, तर तुला काय दिसलं असं त्याला कोणी विचारत नाही. शेजारचे तोंडातला घास न थांबवता एवढंच विचारतात, "काहून, तुले पाला भेटला नाही का?"